पातळ गोधडी

२ डिसेंबर, मंगळवार

धुळ्यात एसटीतून उतरले आणि आधी काय झालं असेल तर दात वाजले. थंडी एरंडोललाही असते, नाही असं नाही, पण इथली थंडी अंगावर धावून येते. रिक्षावाल्याने कानटोपीच्या आतून कुठे म्हणून विचारलं, मी गल्ली नंबर पाच सांगितलं. या गावाने गल्ल्यांना नावं ठेवायचा कंटाळा केला आणि सरळ आकडे घातले. मला आवडलं, चुकायची भीती नाही.

नेमीचंदशेठचं कापडाचं दुकान गल्लीच्या तोंडाशीच आहे. शेठ गादीवर बसतात, गिऱ्हाईक नसलं की माळ फिरवतात, आलं की तीच माळ हातात धरून भाव सांगतात. त्यांची सून पलकभाभी. माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठी असेल, पण कामाला वाघीण. तिने मागच्या गोदामात ऑनलाइन गोधड्या विकायचा धंदा काढलाय. माझं काम तक्रारींचं. माल आवडला नाही, फाटका निघाला, सांगितला एक आणि आला दुसरा, असं कुणी म्हटलं की ते भांडण मिटवायचं आणि परत आलेला माल तपासायचा. बाबा म्हणाले, म्हणजे लोकांच्या शिव्या खायची नोकरी. मी म्हटलं, सवय आहे, घरात वहिनी आहे.

गोदामाच्या वर मला खोली दिलीय. खिडकीतून समोरच्या गच्चीवरचे वाळवणाचे पापड दिसतात. खाट आहे, दोरी आहे, आरसा आहे. संक्रांतीपर्यंत माझं काम बघणार आणि जमलं तर कायम करणार. मला जमवायचंच आहे. आई गेल्यापासून एरंडोलच्या घरात मी पाहुणीसारखी वावरते. तिच्या दिवसांत तिचं अंथरूण-पांघरूण रीतीप्रमाणे देऊन टाकलं, त्यात आम्ही दोघी जिच्यात झोपायचो ती गोधडीही गेली. मी जळगावहून एक झुळझुळीत ब्लँकेट आणलं. ते अंगावर घेतलं की काही घेतल्यासारखंच वाटत नाही. आणि आता मला कुणी दीपे म्हणत नाही, सगळ्यांची मी दीपमाला झाले.

असो. पहिलाच दिवस आहे, रडगाणं पुरे. शेजारच्या खानावळीत शेवभाजी फर्मास मिळते.

४ डिसेंबर, गुरुवार

आज सोनगीरहून भागाबाई आल्या. आमच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांमधल्या सगळ्यात जुन्या. त्या गावोगाव फिरून जुनी पातळं गोळा करतात, सुती, धुऊन धुऊन मऊ झालेली. घरातली बाई गेली की तिची पातळं लोक देऊनच टाकतात. ती एकावर एक अंथरायची, कडेपासून मधोमध टाके घालत जायचं, झाली गोधडी.

त्यांची आणि भाभीची जुंपली ती घासावरून. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायच्या आधी आत भाकरीचा नाहीतर पुरणपोळीचा तुकडा ठेवायचा, तिचं पोट रिकामं राहू नये म्हणून. त्याला घास म्हणतात. माझी आईही ठेवायची. पण मागे एका गिऱ्हाइकाच्या गोधडीला मुंग्या लागल्या, त्याने फोटो टाकून आमची लाज काढली, तेव्हापासून भाभीने घास बंद केलाय. भागाबाई कोपऱ्यावरून हात फिरवत सारखं एकच विचारत होत्या, "उपाशीच धाडी देऊ का तिले?" भाभी हसली. खरं सांगायचं तर मीही हसले.

गाठोड्यातली हिरव्या काठाची एक गोधडी त्यांनी सगळ्यात शेवटी खाली ठेवली, आणि ठेवल्यावरही हात काढला नाही. मग माझ्याकडे वळून घरी माय शे का म्हणून विचारलं. नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेल्या.

तीच गोधडी संध्याकाळी फैजपूरला रवाना झाली. मीच बांधली. कुरिअरच्या पुनाने काट्यावर टाकली आणि म्हणाला, वा, हलकी आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

पहिलं खरं भांडण! फैजपूरचे पितांबरनाना. त्यांची बायको ताईबाई अंथरुणाला खिळलेली आहे, छातीवर जड पांघरूण नको असं डॉक्टरने बजावलंय. नानांनी आमच्या जाहिरातीत वाचलं, 'अस्सल खान्देशी पातळ गोधडी'. झालं. भाभीच्या मनात पातळांची गोधडी, नानांच्या मनात जाड नसलेली. फोनवर म्हणाले, "बाई, तुमी पातळ लिवलं, अन् ही तं जाड आहे." मला हसू आवरेना. फोन ठेवून शेठना सांगितलं तर त्यांची माळसुद्धा थांबली.

पण भाभी हसली नाही. 'वर्णनाप्रमाणे माल नाही' असा शेरा लागला तर साइटवर आपण खाली जातो म्हणाली. माल वर्णनाप्रमाणेच आहे, पातळांचीच आहे, परत घ्यायची नाही. तसं कळव म्हणाली आणि मी कळवलं.

११ डिसेंबर, गुरुवार

नाना रोज फोन करतात. भांडत नाहीत, तेच वाईट. म्हणतात, पहिल्या दिवशी होती त्याहून ती आता जड आहे. मी म्हटलं, नाना, दमट हवेने होतं. दमट! डिसेंबरात, फैजपूरला. माझी मलाच लाज वाटली. मग विचारलं की जड आहे तर काढून का नाही ठेवत. तर म्हणाले की ताईबाईच सोडत नाही. आधी तक्रार तिचीच होती, वरून कोणी दाबू राह्यलं म्हणायची. आता दोन्ही मुठींत काठ धरून ठेवते. कुणीतरी थोपटतं म्हणते. आणि फार वाळली आहे हो, म्हणाले.

मी भाभीकडे गेले आणि शांतपणे मांडलं. शब्द आपला, दोन अर्थ निघाले यात त्या माणसाचा काय दोष? शेरा टाळायचा तर आपणच आपखुशीने परत घेऊ, आणि जाहिरातीत 'जुन्या सुती साड्यांची, जाड' असं स्वच्छ लिहू. भाभीने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि हो म्हणाली. शेठनी गादीवरूनच मला पेढा दिला. नानांना सांगितलं तेव्हा ते मला तीन-तीनदा पोरी म्हणाले. भांडण मिटलं आणि नोकरीही पक्की होणार असं वाटतंय. आज फार बरं वाटलं.

१५ डिसेंबर, सोमवार

गोधडी परत आली. पुनाने खांद्यावरून उतरवली तेव्हा तो धापा टाकत होता. काट्यावर जाताना होती त्याच्या कितीतरी पट. भाभी तडकली, म्हातारा बनेल निघाला, आत दगड भरून पाठवले म्हणाली. आम्ही एक बाजू उसवून पाहिली. आत पातळंच. हिरव्या काठाचं, विटकरी चौकड्याचं, एक कुणाचं तरी बारीक फुलांचं, अगदी कोवळ्या पोरीने नेसावं असं. बाकी काही नाही. मी परत टाके घातले.

वास मात्र होता, अंगाला चोळायच्या बामाचा. आणि घडी उलगडली तेव्हा मधोमध ऊब. आत्ताच कुणी उठून गेल्यासारखी. दोन दिवस ट्रकमध्ये होती म्हणे.

वापरलेला माल विकता येत नाही. भाभी म्हणाली, तूच घे वर, कुडकुडतेस रोज. घेतली.

१६ डिसेंबर, मंगळवार

आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती. सकाळी उठवेना, भाभीने खालून हाका मारल्या तेव्हा जाग आली. जड आहे, पण ते जडपण चांगलं आहे, कुणी शेजारी असल्याचं. पाठीवर एका ठिकाणी हात असल्यासारखं वाटतं. थोपटल्यासारखं.

थोपटल्यासारखं असं नानांनीही सांगितलं होतं. हे आत्ता लिहिताना आठवलं. काढून दोरीवर टाकली आणि जेवणाच्या सुट्टीत वर येऊन पुन्हा घेतली.

१८ डिसेंबर, गुरुवार

नानांचा फोन आला. ताईबाई गेल्या.

कुरिअरवाला आला तेव्हा त्यांनी तिच्या मुठी सोडवून गोधडी काढली. ती रडली नाही, नुसती बघत राहिली. दुपारून तिने डोळे मिटले. उचलायला चार माणसं आली, तर एकानेही उचलली असती म्हणाले, अंगात काही उरलंच नव्हतं. हे सगळं त्यांनी हळूहळू सांगितलं. मी रडत होते, त्यांना कळू दिलं नाही.

मग म्हणाले, "मले पैसे नको. मले ती परत द्या. ती त्याच्यातच आहे."

मी भाभीला विचारलं. ती म्हणाली, व्यवहार बंद झालाय, पैसे परत गेलेत, पण म्हाताऱ्याला हवी तर पाठवून दे बापडी. एवढं सोपं होतं. आणि मी नानांना सांगितलं की ती गोधडी खराब निघाली म्हणून टाकून दिली. तोंडातून निघूनच गेलं. काल पहाटे पाठीवरचा तो हात थांबला होता आणि कुणीतरी दीपे म्हणालं होतं. ते मी कसं देऊ? ते कुणालाही कसं देऊ?

२० डिसेंबर, शनिवार

आईच्या बांगड्या हातातून निसटून पडल्या. आधी घालताना साबण लावावा लागायचा.

सहज म्हणून पार्सलच्या काट्यावर उभी राहिले. आकडा बघून हसायला आलं, म्हटलं काटा बिघडला. पुनाने त्यावर कापडाचा तागा ठेवून पाहिला. काटा बरोबर आहे. तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग ताई, जेवत जा म्हणाला.

गोधडी मात्र आता माझ्याने खाटेवरून उचलवत नाही. ओढावी लागते.

मला भीती वाटतेय. लिहून टाकते म्हणजे खरी होईल. मला भीती वाटतेय.

२१ डिसेंबर, रविवार

सोनगीरला जाऊन आले. किल्ल्याच्या पायथ्याशी भागाबाईंचं घर, अंगणात उन्हात पातळं पसरलेली. मी हिरव्या काठाची म्हटलं आणि त्यांच्या हातातली सुई थांबली. मला नखशिखांत पाहिलं. मग आत नेऊन ऊन ऊन भाकरी आणि ठेचा वाढला, समोर बसून खाऊ घातलं.

त्यातलं बारीक फुलांचं पातळ त्यांच्या मुलीचं. "मनी आंडेर." लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरी आली आणि तापाने गेली. पातळ कुणाला देववेना, जवळ ठेववेना. म्हणून गोधडीत घातलं, निदान कुणाच्या तरी अंगावर राहील म्हणून. आणि नेमका त्याच गोधडीला घास द्यायचा नाही असं ठरलं. "घासच दिधा नही, तं ती काय खाई?" एवढं बोलून त्या पदर तोंडाशी धरून रडल्या.

उसवून टाकू का विचारलं तर एकदम हात धरला. उसवलं तर ज्या आत आहेत त्या जातील कुठे? जाळायचं तर त्यांनी ऐकूनही घेतलं नाही. मग तुम्ही परत घ्या म्हटलं. तर म्हणाल्या की मी घेतली तर मी उठणारच नाही, आणि घरात दोन नातवंडं आहेत. शेवटी त्यांनी आपल्या ताटातली भाकरी फडक्यात बांधून दिली. कोपरा उसवून आत ठेव, शिव, आणि त्यानंतर एक दिवस अंगावर घेऊ नको. खाल्लं तर बरं. नाही खाल्लं तर तिला माणसाची चव लागली असं समज.

बसमध्ये कंडक्टर माझं तिकीट फाडायचं विसरला. मी मागितलं तेव्हा दचकला.

२२ डिसेंबर, सोमवार

कोपरा उसवून घास ठेवला. शिवताना आई म्हणायची तसं म्हटलं, जेव गं बाई, पोटभर जेव. ब्लँकेट घेऊन फरशीवर पडले. ऊब नाही. रडू येतंय, भागाबाईंच्या पोरीसाठी, ताईबाईंसाठी, माझ्यासाठी. वर खाटेवर ती आहे आणि मी खाली.

२३ डिसेंबर, मंगळवार

भाकरी फरशीवर पडलेली. कोरडी, अख्खी. कोपऱ्याचे टाके जसेच्या तसे आहेत.

ब्लँकेट कोपऱ्यात आहे. मी खाटेवर उठले. कधी चढले —

नानांना फोन लावला. खोटं बोलले म्हणून सांगितलं, गोधडी माझ्याकडेच आहे. आणि ती काय करते तेही सगळं सांगितलं, ताईबाईंना काय झालं, मला काय होतंय, तुम्ही पांघरलीत तर तुम्हीही — नाना मध्येच म्हणाले, मले माहीत आहे पोरी. पन्नास वर्सं तिच्या बाजूले झोपलो. आता मले झोपच येत नाही. परवा येतो.

रागावले नाहीत. रागावायला हवे होते.

२४ डिसेंबर, बुधवार

भाभीने पुनाला विचारलं की दीपमाला आज आली नाही का. मी समोर उभी होते. भाभी, म्हटलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि खिडकी लावून घेतली, वारा येतोय म्हणाली.

बाबांना फोन केला. ते नुसते हॅलो हॅलो म्हणत राहिले.

हात उन्हात धरला तर पलीकडची वही दिसते, अक्षरंसुद्धा. जाहिरातीतला तो शब्द मी बदलून घेतला होता. आता तो मलाच लागू —

नानांना द्यायची नाही. द्यायचीच. त्यांची बायको आहे ती, माझी कोण? पण त्यांनी पांघरली तर — मी दार लावून घेईन. नाही, दारही हलत नाही माझ्याने.

२५ डिसेंबर, गुरुवार

सकाळ. फक्त निरोप घ्यायला आत शिरले. थोडा वेळ. नाना यायच्या आत उठेन.

आत आपण एकट्या नसतो. बाम. कोवळी एक आहे, बांगड्या नव्या. दीपे, सरक म्हणाली. आईचा आवाज नाही तो. तिला नुसतं माझं नाव कळलंय. तरी किती बरं वाटलं —

खाली नानांचा आवाज. भाभी म्हणतेय, ती पोरगी न सांगताच निघून गेली वाटतं, तुम्ही वर जाऊन घेऊन जा. जिन्यावर पाय. हळू, म्हाताऱ्या माणसाचे.

नाना आले. खाटेशी बसले. काठावरून हात फिरवताहेत आणि ताई, ताई म्हणून हाक मारताहेत. बामाच्या वासाची ती हलली. माझ्या अंगावरून गेली त्यांच्याकडे.

मला उठायचंय. नानांना सांगायचंय, पांघरू नका, घास —

त्यांना मी दिसत नाही. एक टोक उचललं. जड नाही लागली त्यांना. घडी घालताहेत, नीट, काठाला काठ लावून. अंधार झाला. कुणीतरी सरकून मला जागा केली. अजून एक घडी येतेय वरून. नाना थांबा, नाना, मी अजून आत